पर्जन्यछायेतील महाराष्ट्र

जुलैतील जलमय मुंबईची छायाचित्रे पाहून महाराष्ट्र हा पाण्याने संपन्न प्रदेश असावा, असा परराज्यातील अनेकांचा समज होतो. १९७२ चा दुष्काळ किंवा २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पोचविलेले पाणी यांचा मग त्यांना उलगडा होत नाही.

नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीस अडून वर चढतात, थंड होतात व घाटमाथ्यावरच रिते होतात. पूर्वेकडे उतरताना ते उष्ण व कोरडे बनतात. एकट्या सातारा जिल्ह्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून शंभरएक किलोमीटरवरील माण तालुक्यात तो जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास राहतो, आणि त्यातील मोठा भाग सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. अशा जिल्ह्याची सरासरी कागदावर समाधानकारक दिसते. माणदेशातील विहिरीला तिचा काय उपयोग? (हा गैरसमज राज्याबाहेरच्यांपुरताच आहे, असेही म्हणवत नाही.) म्हणूनच टंचाईचा विचार करताना पावसाची नोंद महसूल मंडळनिहाय पाहणे अगत्याचे ठरते.

लातूरला गेलेले ते पाणी कृष्णेचे, म्हणजे महाबळेश्वरीच उगम पावणाऱ्या नदीचे होते.