घड्याळाची बारी

शिवजयंतीच्या आदल्या रात्री मंचरच्या बाहेर पुणे-नाशिक रस्त्यावर उभं राहावं. शिवनेरीहून निघालेल्या ज्योती एकामागून एक येत असतात. पुढे मशाल घेतलेला पोरगा, मागे टेम्पो, टेम्पोत पाळीची वाट बघत बसलेली दहा-बारा पोरं. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. मशालीचं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेलं. किलोमीटर-दीड किलोमीटरला मशाल हात बदलते आणि ज्याने ती दिली तो पळता पळताच फाळक्याला धरून टेम्पोत चढतो.

ही धाव मी लहानपणापासून बघत आलोय, आणि तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. खेड घाटात कुणाला उतरवायचं, हे ही पोरं कसं ठरवतात? पहाटे तीनच्या थंडीत कोण टिकेल, गावाच्या वेशीत शिरताना मशाल कुणाच्या हातात द्यायची, हे कोण सांगतं? घड्याळ लावून कुणी कुणाची परीक्षा घेतलेली नसते. बरोबर पळून पळून त्यांना एकमेकांचं पाणी कळलेलं असतं.

जुन्नर-आंबेगावात निवडीची दुसरीही एक रीत आहे, तीही सगळ्यांच्या ओळखीची. बैलगाडा. पौष पौर्णिमेला नागापूरला थापलिंगाची यात्रा भरते, तेव्हा घाटाच्या, म्हणजे गाडे पळतात त्या पट्टीच्या, दोन्ही अंगांना माणसांची भिंत उभी राहते. पुढे घोडी, तिच्यामागे जुकाटाची बैलजोडी, त्यामागे गाड्यालगतची धुरीची. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सुटली की बारा-तेरा सेकंदांत सगळा खेळ आटोपतो आणि कर्ण्यावरून सेकंद पुकारले जातात. आमच्या घाटात बारी एकटी पळते, शेजारी दुसरा गाडा नसतो. सांगली-साताऱ्याकडे गाडे शेजारी शेजारी पळतात आणि पुढे निघेल तो जिंकतो. आमच्याकडे निवाडा घड्याळाचा. पण घरी खोंड पारखताना आमचे आबा घड्याळाला हात लावत नसत. मोकळ्या रानात एकटा उधळलेला खोंड बघून मी हरखलो की म्हणायचे, "त्याला भुलू नको. जोडीला दुसरा लावल्यावर काय करतो ते बघ."

लांब पल्ल्याच्या धावपटूंची निवड आणि तयारी यावर जे हाती लागेल ते मी गेली बरीच वर्षं वाचतो आहे. या वाचनात आबांचं ते वाक्य पुन्हा पुन्हा समोर येतं.

भारताच्या ऑलिंपिक धावेची सुरुवात पुण्यातच झाली. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे धावपटू गेले, त्यामागे डेक्कन जिमखाना आणि दोराबजी टाटा होते, हे बहुतेकांना माहीत असतं. कमी वाचलं गेलेलं आहे ते टाटांचं पत्र. १९२९ साली त्यांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष बाये-लातूर यांना लिहून सगळी हकिकत कळवली. जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांना अध्यक्ष म्हणून गेल्यावर त्यांना काय दिसलं, ते त्यात आहे. उतरलेली बहुतेक पोरं शेतकऱ्यांची, शेतात राबणारी, साध्या अन्नावर वाढलेली. मैदान लहान, गवत खडबडीत, रूळही न फिरवलेलं. इतकं लहान, की १०० यार्डांच्या प्राथमिक फेऱ्या वळणावरून पळवायचा बेत होता. आधुनिक नियमांची कुणाला कल्पना नाही. पण सगळ्यात महत्त्वाची शर्यत होती सुमारे २५ मैलांची. खडीच्या कडक रस्त्यावर अनवाणी. आणि पहिल्या तीन-चार जणांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या बरोबरीला येत होत्या.

पत्रातल्या या जागेवर मी दर वेळी थांबतो. आपल्या ऑलिंपिक प्रवासाची पहिली निवड इथे झाली आणि ती घड्याळाने केली. वेळ युरोपाच्या जवळ आहे, तर माणूसही जवळ असणार, असा तो हिशोब. टाटांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. पदरचे पैसे घालून त्या पोरांना बोटीवर चढवायला तेच पुढे झाले होते. एप्रिल १९२०मध्ये पुण्यात चाचणी झाली आणि सहा जण निवडले गेले. धावायला पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कायकडी. कुस्तीला कुमार नवले आणि रणधीर शिंदे.

यातले चौगुले बेळगावचे. त्यांचं नाव आज सीमाभागातही फार जणांच्या ओठांवर नाही, याची मला खंत आहे. २२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पला मॅरेथॉन झाली. अंतर होतं ४२.७५ किलोमीटर, आजवरच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमधलं सर्वांत लांब. ४८ जण सुटले, ३५ पोचले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले १९वे आले, वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. फिनलंडच्या हानेस कोलेमाइनेनने २:३२:३५.८ मध्ये सुवर्ण जिंकलं होतं. मी कागदावर भागाकार मांडून बघितला. चौगुल्यांचा किलोमीटर जवळजवळ नेमका चार मिनिटांचा पडतो, कोलेमाइनेनचा साडेतीन मिनिटांहून जरा जास्त. चार मिनिटांचा किलोमीटर सलग ४२ वेळा काढणारा माणूस आजही कुठल्याही शहरी मॅरेथॉनमध्ये हौशी धावपटूंच्या फार पुढे असेल. चौगुल्यांचं शरीर तयार होतं. घरच्या रस्त्यावर एकट्याने पुढे निघायचं आणि परक्या रस्त्यावर ४७ जणांत धावायचं, या दोन कामांतलं अंतर मात्र पुण्याच्या चाचणीत मोजलं गेलं नव्हतं. ते मोजायला तशी माणसं शेजारी लागतात.

मधली नव्वद वर्षं मी भराभर ओलांडतो. १९७६ला माँट्रियलच्या मॅरेथॉनमध्ये बिहारच्या शिवनाथ सिंगचा ११वा क्रमांक आला. दोन वर्षांनी जालंधरला त्याने २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि तो चाळीस वर्षांहून अधिक टिकला. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर कविता राऊत आणि ललिता बाबर या दोघींनी दार उघडलं. सातारा जिल्ह्यातल्या मोही गावची ललिता २०१६ला रिओमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. तिच्यावर वेगळा लेख व्हायला हवा.

मला थांबायचंय ते अविनाश साबळेपाशी. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला, राजस्थानात राहिला. सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत उतरला तेव्हा विशीत होता, आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून स्टीपलचेसकडे वळला त्यालाही पुढे दोन वर्षं गेली. तीन हजार मीटर, २८ अडथळे, सात वेळा पाण्यावरची उडी. राष्ट्रीय शिबिरातली परदेशी प्रशिक्षकाची पद्धत मानवेना, तेव्हा तो अमरीश कुमारांकडे परतला आणि २०१८ला भुवनेश्वरमध्ये गोपाल सैनीचा ३७ वर्षांचा विक्रम त्याने मोडला. तिथून पुढे आपलाच विक्रम तो मोडत गेला. ८:२९.८० पासून २०२४च्या पॅरिस डायमंड लीगमधल्या ८:०९.९१ पर्यंत. सहा वर्षांत जवळपास वीस सेकंद कमी झाले.

एवढंच वाचलं तर ही घड्याळाची गोष्ट वाटेल. मोठ्या स्पर्धा ओळीने मांडल्या की वेगळीच गोष्ट दिसते.

दोहाची जागतिक स्पर्धा, २०१९. हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, दुसऱ्यांच्या पडापडीत तो दोनदा अडकला आणि बाहेर गेला. भारतीय महासंघाने तक्रार नोंदवली, ती मान्य झाली, आणि अंतिम फेरीत त्याला जागा मिळाली. टोकियो ऑलिंपिक, २०२१. हीटमध्ये ८:१८.१२, नवा राष्ट्रीय विक्रम. पण त्या हीटमध्ये सातवा, म्हणून बाहेर. तिसऱ्या हीटमध्ये पहिल्या तिघांत येऊन जे अंतिम फेरीत गेले, त्यांच्या वेळा याच्याहून जास्त होत्या. जे बाद झाले त्यांच्यात सर्वांत वेगवान साबळेच होता. जुलै २०२२, ओरेगॉन. दीडेक महिन्यापूर्वी रबातला ८:१२.४८ धावलेला हा माणूस जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत अकरावा आला, ८:३१.७५ मध्ये. ती शर्यतच कमालीची संथ झाली. सगळे एकमेकांवर डोळा ठेवून घोळक्यात धावले, शेवटच्या फेरीत मोरोक्कोच्या एल बक्कालीने मुसंडी मारली आणि ८:२५.१३ मध्ये सुवर्ण नेलं. ८:१२ची ताकद पायात असून साबळेला ती खर्च करायला जागाच मिळाली नाही.

आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी बर्मिंगहॅम. १९९८ पासून राष्ट्रकुल स्पर्धेतली या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत आला होता. साबळे त्यांच्यात घुसला आणि रौप्य घेऊन बाहेर आला, ८:११.२०. सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं. ती शर्यत मी कितीदा बघितली याची मोजदाद नाही. शेवटच्या सरळ पट्टीत तो घड्याळाशी धावत नाही, केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या खांद्याशी धावतो. आबांनी तो खोंड नक्की घेतला असता.

यात आणखी एक बदल समजून घ्यायला हवा. जागतिक स्पर्धांत पूर्वी हीटमधून क्रमांकावर काही जण जायचे आणि उरलेल्यांतून वेगवान वेळेवर काही जण. २०२३ पासून लांब पल्ल्याच्या शर्यतींत वेळेवर मिळणाऱ्या जागा काढून टाकल्या. स्टीपलचेसच्या प्रत्येक हीटमधून पहिले पाच पुढे जातात, बाकीचे घरी. त्याच वर्षी बुडापेस्टला साबळे सातवा आला आणि बाहेर पडला. हांगझौच्या आशियाई स्पर्धेत तो सुरुवातीपासून एकटा पुढे निघाला, आमच्या घाटातल्या बारीसारखा, आणि ८:१९.५० मध्ये सुवर्ण जिंकला. पण पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये एकटं पळून भागणार नव्हतं. तिथे हीटमध्ये तो पाचवा आला. नेमका पाचवा, ८:१५.४३. स्टीपलचेसच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. अंतिम फेरीत अकरावा.

गंमत अशी की पॅरिसचं तिकीट मात्र घड्याळावरही मिळत होतं. पात्रता वेळ ८:१५.००, एकूण जागा ३६, निम्म्या वेळेवर आणि निम्म्या जागतिक क्रमवारीवर. म्हणजे दारातून आत जायला वेळ लागते आणि आत गेल्यावर माणसं हरवावी लागतात. आपली बरीचशी तयारी दारापाशीच संपते, असं माझं स्पष्ट मत आहे. साबळे अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला प्रशिक्षक स्कॉट सिमन्सकडे राहून सराव करू लागला. त्यातून मिळालेली खरी कमाई उंचीवरच्या हवेपेक्षा रोजच्या तगड्या सोबतीची आणि डायमंड लीगमधल्या शर्यतींची आहे, असं मला वाटतं.

उंचीचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडच्या एका गैरसमजाबद्दल बोलतो. भीमाशंकरच्या अंगच्या वाड्या-वस्त्यांतली पोरं डोंगरात वाढलेली, त्यांच्या छातीत उपजतच जोर, असं मोठ्या प्रेमाने बोललं जातं. विरळ हवेत शरीर तांबड्या पेशी वाढवतं, हे खरं. पण त्यासाठी साधारण दोन हजार मीटरच्या वर काही आठवडे राहावं लागतं. उटी २,२०० मीटरच्या वर आहे, केनियातलं इटेन २,४०० मीटरच्या आसपास. भीमाशंकर हजार मीटरच्या घरात आणि महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचं टोक असलेलं कळसूबाई १,६४६ मीटर. आमच्या हवेत जादू नाही. त्या पोरांकडे असलेच तर ते चढ-उताराला सरावलेले घोटे आणि अनवाणी चालून घट्ट झालेले तळवे आहेत. त्यांना हवी असते संधी, आणि ती कशी द्यायची हा खरा प्रश्न आहे.

शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी पोरं निवडतात ती उंची, वजन, ३० मीटरची धाव, उभ्याने मारलेली लांब उडी, मेडिसिन बॉल, ८०० मीटर अशा चाचण्या घेऊन. लहान वयात चपळाई हेरायला त्या ठीक आहेत. पण त्यात दम जोखणारी म्हणावी अशी ८०० मीटरचीच एक, आणि तीही घड्याळावर. विशीत सापडलेला साबळे दहाव्या वर्षी या चाचण्यांत कुणाच्या नजरेत भरला असता का, मला शंका आहे. त्याला शोधलं सैन्याच्या क्रॉसकंट्रीने. तिथे सगळे एकदम सुटतात, रान खडबडीत असतं, आणि बघणाऱ्याला हे दिसतं की चौथ्या मैलाला शेजारचा पुढे सरकला तेव्हा कोण त्याच्याबरोबर गेलं आणि कोणी मान टाकली.

म्हणून जुन्नर-आंबेगावातल्या यात्रा कमिट्यांना माझी एक विनंती आहे. बैलगाड्यांसाठी तुम्ही लाखांची बक्षिसं उभी करता, घाट बांधता, मंडप घालता, रात्रभर जागता. त्याच यात्रेत, गाड्यांच्या आदल्या दिवशी, सकाळी सात वाजता, सुगी झालेल्या रानातून, ओढ्यातून आणि बांधांवरून आठ किलोमीटरची शर्यत लावा. पोरांची वेगळी, पोरींची वेगळी. सगळ्यांना एका रेषेवरून एकदम सोडा. वेळ लिहू नका, पहिले पंधरा नंबर लिहा. पुढच्या यात्रेला तीच नावं पुन्हा येतात का ते बघा, आणि जी येतील ती पुण्याला कळवा.