उडत्या पक्ष्याचे छायाचित्र

हिवाळ्यात भिगवणला, उजनी जलाशयाच्या काठी, रोहित पक्ष्यांचा थवा एकाएकी पाण्यावरून उठतो, तेव्हा ज्याने आपला नवा डिजिटल कॅमेरा सर्वस्वी स्वयंचलित व्यवस्थेच्या हवाली केलेला असतो, त्याच्या पदरी बहुधा पंखांच्या धूसर रेघाच पडतात. म्हणून पहिला अंमल शटरवर बसवावा. सेकंदाच्या १/२००० भागाइतका अल्प काळ मुक्रर केला, की पंखांची टोकेही रेखीव उमटतात. मात्र तेवढ्या क्षणार्धात प्रकाश थोडाच आत येत असल्यामुळे त्याची भरपाई आयएसओ वाढवून करावी लागते, आणि त्यापायी चित्रात किंचित रवाळपणा आला तरी तो निःशंक पत्करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अस्पष्ट पक्ष्याला पुढे कोणताही उपाय नाही. फोकस अखंड मागोवा घेणारा ठेवावा. गडद पाण्यासमोर शुभ्र पिसांचे बारकावे लोपतात, तेथे एक्स्पोजर थोडे उतरवावे. उजळ आकाशासमोर तेच चढवावे. सरावाला घराजवळच्या घारी उत्तम, कारण त्यांच्या संथ घिरट्यांबरोबर दृष्टी, खांदे आणि कॅमेरा एकाच लयीत फिरवण्याची, व शटर दाबल्यानंतरही ती लय न मोडण्याची सवय अंगवळणी पडते.