तिजोरीचा नियम रस्त्याला लावू नका

बँकेच्या नोकरीत तिजोरीच्या खोलीचा नियम अंगवळणी पडतो. किल्ल्या दोन, दोघांच्या ताब्यात. दोघे हजर असल्याखेरीज दार उघडायचे नाही. पैसा बंद ठेवला की सुरक्षित राहतो. आपल्या शहरांचे कारभारी हाच नियम माणसांना लावतात. भिंत उंच करा, बागेला कुलूप घाला, बाके उचला, टपऱ्या हटवा! माणूस मात्र चार माणसांच्या नजरेत असला की सुरक्षित असतो.

गिरणगावाचेच पाहा. नोकरीच्या सुरुवातीला मी त्या भागातल्या शाखेत होतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने तोवर सारे विस्कटून टाकले होते. जुने खातेदार सांगत, तीन पाळ्यांच्या दिवसांत मध्यरात्रीही रस्ता जागा असे. पाळीवरून सुटलेले कामगार, खानावळ चालवणाऱ्या बायका, चहावाला, चाळीच्या गॅलरीत बसलेले म्हातारे. पहारा कुणी देत नव्हते, पण तो आपोआप होत होता. रस्त्यावरची शांतता मुख्यतः पोलीस राखत नाहीत, तिथे वावरणारी माणसे राखतात, हे अमेरिकेत जेन जेकब्स या बाईंनी १९६१ सालीच मांडले होते.

गिरण्या बंद पडल्या, माणसे गेली, भिंती राहिल्या. २२ ऑगस्ट २०१३ च्या संध्याकाळी महालक्ष्मीच्या ओसाड शक्ती मिलमध्ये, कामासाठी गेलेल्या छायाचित्र-पत्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. रेल्वे स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर होते. भिंतीआडचे पाहणारे कुणी नव्हते.

आसपासच्या इतर गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उठले. हजारो माणसे रोज एल्फिन्स्टन रोड स्थानकात उतरू लागली. जिना मात्र अरुंदच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पावसामुळे लोक पुलावर थांबले, मागून गर्दी येत राहिली आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्यानंतर लष्कराने बांधलेला नवा पूल २७ फेब्रुवारी २०१८ रोजी, म्हणजे पाच महिन्यांत, खुला झाला!

एकीकडे माणूसच नाही, दुसरीकडे माणसाला जागा नाही. जमिनीचा हिशेब मांडताना पायी चालणारा त्यात धरलाच नव्हता. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा मोकळ्या जागांना आणि तिसरा हिस्सा सामान्यांच्या घरांना दिला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीच रिकाम्या असलेल्या भागापुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. कर्ज देताना आम्ही आधी तारण पाहत असू. इथे शहराने आपले तारणच सोडून दिले.

हे सुधारता येते. व्हिएन्नात नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागांत येईनाशा होतात, असे नगरपालिकेला आढळले. तिने १९९९ पासून दोन बागा नव्याने आखल्या : जास्त पायवाटा, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची मैदाने, एका मोठ्या पटांगणाऐवजी लहान लहान जागा. मुली परत येऊ लागल्या.

आपल्यालाही फार मोठे काही नको. भिंतीऐवजी आरपार दिसणारी जाळी, दिव्याचा उजेड पदपथावर, रात्री उघडे असणारे स्त्रियांचे स्वच्छतागृह, परवानाधारक टपरी, टेकायला बाक. तुमच्या वॉर्डात पुढच्या खेपेस सुरक्षेसाठी म्हणून उंच भिंतीचा नारळ फुटेल, तेव्हा एवढेच विचारा : साहेब, या भिंतीपलीकडून कुणी हाक मारली, तर ती दिसणार कुणाला?