कलेचा जमाखर्च

गणेशोत्सव किंवा नवरात्र जवळ आले, की घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील पेठांतून वर्गणीची पावतीपुस्तके फिरू लागतात. दुकानदार गल्ल्यात हात घालून रक्कम देतो, पावती खिळ्याला अडकवितो, आणि पुष्कळदा मनातल्या मनात म्हणतो, की ह्या गाण्याबजावण्याचा, ह्या नाटकांचा आणि चित्रांचा उपयोग तो काय? चार घटका करमणूक होते हे खरे. परंतु करमणूक म्हणजे चैन, आणि चैन ही शिलकेतून करावयाची गोष्ट. तंगी आली की पहिली कात्री तिलाच लागते. हा प्रश्न अरसिकपणाचा आहे असे म्हणून नाक मुरडणारे लोक आपल्याकडे थोडे नाहीत. आम्ही त्यांच्या पंक्तीस बसत नाही. ज्यास पैशापैशाचा हिशेब ठेवावा लागतो, त्याने प्रत्येक खर्चाचे प्रयोजन विचारावे हे योग्यच होय. आमची तक्रार एवढीच, की प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर ऐकावयास कोणी थांबत नाही.

पंडितांनी ह्या प्रश्नाची दोन उत्तरे देऊन ठेविली आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर ह्यांच्या नावांभोवती ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद महाराष्ट्रात किती रंगला, हे मराठी वाचकांस ठाऊकच आहे. एका पक्षाने कलेस देव्हाऱ्यात बसविले, दुसऱ्याने तिला समाजाच्या चाकरीस लाविले. आम्हा सुधारणेच्या कैवाऱ्यांचा कल अर्थातच दुसऱ्या पक्षाकडे. आणि त्या भरात आमच्या हातून एक चूक घडली, ती कबूल केली पाहिजे. उपदेशाच्या कडू गोळीवरील साखरेचा थर, एवढीच कलेची किंमत आम्ही केली. हुंडा, दारू, जातिभेद ह्यांवर पाठ दिलेली नाटके आम्ही पुष्कळ लिहविली. ती लोकांनी पाहिली आणि विसरूनही टाकली. तेव्हा दुकानदाराच्या प्रश्नास खरे उत्तर ह्या दोन्ही पक्षांपाशी मिळत नाही. ते शोधण्यास फार लांब जाण्याचेही कारण नाही. आपल्या उपनगरांतच ते आहे.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीचा डोंगर आहे. त्यात शंभरांहून अधिक लेणी कोरलेली आहेत, आणि त्यांतील कित्येकांच्या भिंतींवर दात्यांचे लेख आहेत. सुटीच्या दिवशी तेथे जाणारी मंडळी मूर्तींपुढे उभी राहून छायाचित्रे काढितात. लेखांकडे कोणाचे लक्ष जात नाही. व्यापारी वर्गाने तरी ते अवश्य लक्षात घ्यावेत, कारण त्यांत राजांपेक्षा बाजारपेठेतील माणसांचीच गर्दी अधिक आहे. कल्याण, सोपारा, चौल ह्या बंदरांतील व्यापारी तेथे आहेत, सोनार आहेत, लोहारही आहेत. तेथील भव्य चैत्यगृह दुसऱ्या शतकात, सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी ह्याच्या काळी, गजसेन व गजमित्र ह्या दोन व्यापारी भावांच्या दानातून उभे राहिले. त्याच डोंगरावर कोणी पाण्याची पोढी खोदून दिली, कोणी बसावयास दगडी आसन दिले, कोणी भिक्षूंच्या निवासासाठी लेणे दिले. पाण्याचे टाके आणि कोरीव स्तंभ ही दोन्ही दाने एकाच पद्धतीने, दात्याचे नाव, गाव आणि धंदा सांगून नोंदलेली आहेत. एक गरज आणि दुसरी चैन असा भेद त्या हिशेबात दिसत नाही.

हे लोक आपल्यासारखेच नफातोटा जाणणारे होते. गलबत बंदरातून सुटले की परत येईल न येईल ह्याचा भरवसा नसणाऱ्या त्या काळात त्यांनी दगडावर द्रव्य घातले. त्यातून त्यांस काय मिळाले? पुण्य मिळाले असे ते म्हणत, आणि आईबापांसही त्या पुण्यात वाटेकरी करीत. आम्ही म्हणतो की आणखीही एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे नोंद. त्यांच्या वखारी गेल्या, वह्या गेल्या, नाणी वितळली, बंदरे गाळाने भरली. परंतु अमुक गावचा अमुक माणूस ह्या भूमीवर होऊन गेला, ही गोष्ट अठराशे वर्षे टिकली. मनुष्यास आपले असणे कोठेतरी नोंदले जावे असे वाटते. ही भूक अन्नाच्या भुकेखालोखाल जुनी आहे, आणि कला ती भागविते. परंतु कान्हेरीच्या नोंदीत एक उणे आहे. तेथे नाव लागले ते दान देण्याची ऐपत असलेल्याचे. ज्याच्या गाठी दमडी नाही, त्याची नोंद कोणी करावयाची?

ह्या प्रश्नाचे उत्तर घाटकोपरने दिले. तेथील चिरागनगरच्या झोपडपट्टीत अण्णा भाऊ साठे हे कित्येक वर्षे राहिले. सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे 1 ऑगस्ट 1920 रोजी मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे शालेय शिक्षण दीड दिवसाचे, असे सर्वत्र सांगितले जाते. पोट भरण्यासाठी ते मुंबईस आले, गिरणीत राबले, आणि अक्षरओळख त्यांनी बहुतांशी ह्या शहराच्या रस्त्यांवरच करून घेतली. 1944 साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर ह्यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी 1959 साली प्रसिद्ध झाली, आणि 1961 साली तीस राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ज्या वस्तीस नगरपालिकेच्या नकाशात धड जागा नव्हती, तीत बसून हे लेखन झाले.

त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा आमच्या वाचकांनी मुद्दाम वाचावी, कारण ती ह्याच उपनगरांची आहे. वारणाकाठचा भीमा नावाचा आडदांड गडी कामाच्या शोधात मुंबईस येतो. शहरात काम मिळत नाही, म्हणून उपनगरातील जंगलाच्या कडेस असलेल्या दगडाच्या खाणीवर राबू लागतो. एके दिवशी खाण बंद पडते. भुकेपोटी तो स्मशानातील राखेतून सोन्याचे कण निवडू लागतो, आणि पुढे पुरलेली प्रेतेही उकरतो. अखेरीस एका प्रेताच्या जबड्यात त्याचा हात अडकतो आणि बोटे जायबंदी होऊन कापावी लागतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. आणि डोंगर फोडणारा तो मनुष्य लहान मुलासारखा रडू लागतो.

आता हाच व्यवहार जमाखर्चाच्या दृष्टीने पाहावा. खाणमालकाच्या वहीत काय लिहिले जाईल? अमुक तारखेस खाण बंद. तमुक तारखेस सुरू. मधल्या काळात मजुरीचा खर्च शून्य. ह्या नोंदीत खोटे काहीच नाही, आणि भीमाच्या बोटांस तीत जागाही नाही. मुंबईतील वस्तुसंग्रहालयाची जुनी देखणी इमारत कुर्ल्याच्या व मालाडच्या दगडाने बांधलेली आहे. तिचा आराखडा जॉर्ज विटेट ह्यांनी केला, हे ग्रंथांतून सापडते. त्या दगडावर घण घालणाऱ्यांची नावे सांगणारा कोणी नाही. व्यापाऱ्याच्या, सरकारच्या आणि इतिहासकाराच्या वह्यांत जे मावत नाही, ते लिहून ठेवणे हे कलेचे मुख्य कार्य होय असे आम्हास वाटते. शिवाय ती नोंद अशा रीतीने होते, की वाचणाऱ्यास क्षणभर स्वतःचीच बोटे दुखल्याचा भास व्हावा. हे सामर्थ्य आकड्यांच्या अंगी नाही.

कोणी म्हणेल, ह्या कामासाठी वर्तमानपत्रे आहेत, चौकशी आयोग आहेत. आहेत खरी, आम्हीही त्याच धंद्यातले. परंतु घाटकोपरचेच दुसरे उदाहरण पाहा. 11 जुलै 1997 रोजी रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा माणसे मृत्युमुखी पडली. वर्तमानपत्रांनी दहा हा आकडा छापिला. आयोगाच्या अहवालातही तो आला. मुलुंडच्या एका झोपडपट्टीत विलास घोगरे नावाचे शाहीर राहत होते. 1985 सालच्या ‘हमारा शहर’ ह्या अनुबोधपटात त्यांचा आवाज ज्यांनी ऐकला, त्यांस तो सहसा विसरता आलेला नाही. रमाबाई नगरातील तो प्रकार त्यांस सोसवला नाही, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी आपल्या जीविताचा शेवट केला. आनंद पटवर्धन ह्यांनी पुढे चौदा वर्षे खपून ‘जय भीम कॉम्रेड’ हा अनुबोधपट केला. त्यात तो शाहीर आहे, ती वस्ती आहे, गेलेल्यांच्या घरची माणसे आहेत, आणि गाणी म्हणून दुःख पेलणारा एक अवघा समाज आहे. अहवाल कपाटात गेला. अनुबोधपट आजही पाहिला जातो, आणि पाहणारा विचारतो, की असे का घडले? हा प्रश्न जिवंत ठेवणे एवढे कलेने केले.

ह्याहून अधिक तिने केले असे आम्ही म्हणणार नाही. कथा वाचून भीमाची बोटे परत येत नाहीत, गाण्याने गोळी अडत नाही. कलेच्या नावाने फार मोठ्या वल्गना करणे हाही एक प्रकारचा खोटा हिशेबच. परंतु जे मुळात लिहिलेच गेले नाही, त्याचा जाब पुढे कोणी कोणास विचारू शकत नाही, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. सुधारणा कायद्याने होते, हे खरे. परंतु कायदा करा असे म्हणण्याइतके दुसऱ्याचे दुःख आपलेसे वाटावे लागते, आणि ते काम कलेने आधी केलेले असते.

आता दुसरी बाजू. एवढे देणाऱ्यास आपण काय दिले? अण्णा भाऊंचे आयुष्य झोपडीत गेले. अखेरच्या काळात गोरेगावास सरकारी घर मिळाले, आणि तेथेच 18 जुलै 1969 रोजी, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, विपन्नावस्थेत त्यांचे देहावसान झाले. पुढे 2002 साली त्यांच्या नावे टपालाचे तिकीट निघाले. 2022 साली मॉस्को शहरात त्यांचा पुतळा उभा राहिला. तिकिटास व पुतळ्यास आमचा विरोध नाही. परंतु जिवंतपणी ज्याची थकबाकी ठेविली, त्यास मृत्यूनंतर हार घालून खाते बंद करण्याची ही रीत पेठेत कोणी खपवून घेईल काय? विलास घोगरे ह्यांच्यासारख्या शाहिरांची गोष्ट ह्याहून निराळी नाही. गाणे सर्वांचे, आणि चूल मात्र गाणाऱ्याची एकट्याची, असा हा न्याय आहे.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. पहिली ही, की उत्सवात शाहीर, भजनी मंडळ, लोकनाट्याचा फड किंवा चित्रकार ह्यांस बोलाविल्यास बिदागी आधी ठरवावी आणि काम संपताच त्याच रात्री हातावर ठेवावी. मंडपवाल्याचे आणि विजेचे पैसे वेळेवर चुकते होतात. गाणाऱ्याच्याच बाबतीत ‘पुढे पाहू’ का? दुसरी ही, की जमलेल्या वर्गणीतून, ध्वनिक्षेपकांच्या भिंती थोड्या उतरवून, जवळच्या वस्तीतील एखाद्या वाचनालयास दरसाल पुस्तके द्यावीत. रस्त्यावरच्या पाट्या वाचून एक अण्णा भाऊ घडला, म्हणून पुढच्यांनीही पाट्यांवरच भागवावे असे नाही. तिसरी ही, की मुलुंडचे कालिदास, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, विलेपार्ल्याचे दीनानाथ अशी नाट्यगृहे उपनगरांत लोकांच्या पैशातून उभी आहेत. त्यांत महिन्यातून एक दिवस तरी आसपासच्या वस्त्यांतील कलापथकांस नाममात्र भाड्याने मिळावा, असा आग्रह नागरिकांनी महापालिकेपाशी धरावा. ह्यांपैकी एकाही गोष्टीस फार मोठे द्रव्य लागत नाही.

कल्याणच्या सोनाराने अठराशे वर्षांपूर्वी डोंगरावर पाण्याचे टाके खोदून दिले, तेव्हा ते पाणी कोण पिणार हे त्यास ठाऊक नव्हते. आजच्या व्यापाऱ्यापाशी त्याहून अधिक साधने आहेत, आणि ज्याची नोंद कोठेच होत नाही असा मनुष्य त्याच्या दुकानाच्या पायरीशीच उभा आहे. पुढच्या खेपेस पावतीपुस्तक दाराशी येईल, तेव्हा ‘उपयोग काय’ हा प्रश्न प्रत्येकाने जरूर विचारावा. त्याच्या जोडीस आणखी एक प्रश्न विचारावा, की ह्या रकमेतून गाणाऱ्याच्या हाती किती पडणार? उत्तर मिळेपर्यंत गल्ला उघडू नये.