वार्तेची वाट कोणी अडवावी?

वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. बंधू रुक्मीने शिशुपालाशी विवाह ठरविला असता तिने एका विश्वासू ब्राह्मणाहाती द्वारकेस निरोप धाडिला, ही कथा वऱ्हाडात कोणास ठाऊक नाही? राजकन्येसही आपले म्हणणे चोरून कळवावे लागले, एवढाच भाग आम्हांस येथे घ्यावयाचा आहे.

मराठी वृत्तपत्राचा प्रारंभ १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पणा'ने झाला. पुढे सरकारने १८७८ त देशी भाषांतील पत्रांपुरताच मुस्कटदाबीचा कायदा केला. तो १८८२ त उठला. १९१० च्या कायद्याने नव्या छापखान्याकडून पाचशेपासून दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याची तरतूद झाली. त्या काळचे दोन हजार म्हणजे काय, हे व्यापारी मंडळींस सांगणे नको.

अकोल्यास शिकलेले आगरकर 'केसरी'चे संपादक असता, कोल्हापूर प्रकरणी १८८२ साली टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. ज्या पत्रांच्या आधारे त्यांनी लिहिले ती बनावट ठरली. हेतू शुद्ध असला तरी कागद पारखून घ्यावा लागतो, हे आमच्या व्यवसायाने तेथे मोठी किंमत देऊन शिकून घेतले.

स्वराज्यातही १९७५ च्या आणीबाणीत छापण्यापूर्वी मजकूर तपासणारे बसलेच. परंतु आता वार्तेस छापखान्याचीही गरज उरली नाही. ती खिशातील यंत्रातून क्षणात गावोगाव जाते, आणि पारखणारा मध्ये कोणीच नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा खरी मानून जमावाने पाच निरपराध भटक्यांचे प्राण घेतले. अशा अफवांचे निमित्त करून वृत्तपत्रांचेच तोंड बांधावे, असे म्हणणारे सद्गृहस्थ आम्हांस भेटतात. आमचे मत नेमके उलट आहे. जेथे नाव घालून, जबाबदारी घेऊन लिहिणारा गप्प बसविला जातो, तेथेच निनावी अफवेस मोकळे रान मिळते.

दुसरी मुस्कटदाबी थैलीची. तिला कायदा लागत नाही. जाहिरात काढून घेतली की पुरे. आमच्या पेठेतील आश्रयदात्यांस हे कटू वाटेल. पण ज्या पत्रात कपाशीचा भाव खरा हवा, त्यातच वजनकाट्यातील खोटही छापली जाणार. ती चुकीची वाटल्यास त्यांनी सहीनिशी उत्तर पाठवावे. आम्ही ते त्याच पानावर, तितक्याच ठळक अक्षरांत छापू.