विमानाचे मॉडेल आणि चिकटवायचा डिंक

शाळेच्या प्रदर्शनासाठी मुले विमानाचे मॉडेल करायला बसली, की घरात सापडेल तो डिंक फासतात. आमचे सांगणे एवढेच, आधी काय जोडायचे ते बघा. बाल्सा लाकडाला पांढरा फेविकॉल उत्तम, पण टाचण्या लावून रात्रभर ठेवावे लागते. घाई असेल तर फेविक्विक. तो थर्माकोल मात्र खाऊन टाकतो, तिथे फेविकॉलच. इंजिन बसते ती फळी सारखे हादरे खाते, तिला दोन नळ्यांचा ॲराल्डाईट. शेपटीकडे थेंबभरच लावा. मागे वजन झाले की विमान नाक वर करून आपटलेच म्हणून समजा. आणि फेविक्विक सांडला तर सुती फडक्याने पुसू देऊ नका. सुताला लागला की तो एकदम तापतो, पोराचे बोट भाजते.