फोटो काढून झाल्यावर

दिव्यांगांना साधनं देणाऱ्या ॲडिप योजनेच्या शिबिरात पाहुण्यांच्या हस्ते लेकराच्या कानाला मशीन लागते, टाळ्या पडतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. इथपर्यंतचं सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही टेबलामागे बसणारे. फोटोत न आलेलंच आमच्या जास्त लक्षात राहतं.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका शिबिरात पाहुणे बोलायला उभे राहिले आणि मांडवात कर्कश शिट्टी सुरू झाली. साउंडवाल्याने आवाज कमी केला, माइक बदलला, शेवटी ॲम्प्लिफायरच बंद केला. शिट्टी चालूच! ती येत होती पहिल्या रांगेतल्या एका मुलाच्या कानातून. कानातला साचा सैल, त्यामुळे मशीनचा आवाज बाहेर गळून परत तिच्याच माइकमध्ये शिरत होता. (पोराचा कान वाढतो तसा साचा नवा करावा लागतो, हे भाषणात कुणी सांगत नाही.) सगळा मांडव कानावर हात ठेवून बसलेला. निवांत होता तो एकटा मुलगा. एवढ्या वरच्या पट्टीतलं त्याला ऐकूच येत नव्हतं.

नामदेवांचं कीर्तन ऐकायला औंढ्याचं देऊळ फिरलं, ही कथा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. त्यामुळे मान फिरली म्हणजे ऐकू आलं, अशी आज्यांची श्रद्धा. एकीने नातवाच्या मागे जाऊन परातीवर उलथनं हाणलं. पोरगं गर्रकन वळलं. "बघा, काय बी झालं नाही माझ्या लेकराला!" ऑडिओलॉजिस्टने आजीला, सावली पुढे पडणार नाही अशी, दुसऱ्या बाजूला उभी केली. परात पुन्हा वाजली. शेजारच्या खोलीतला शिपाई धावत आला. नातू मात्र खेळण्यातल्या ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरत राहिला.

मशीन सुरुवातीला शांत खोलीत, थोडा थोडा वेळ, मग हळूहळू दिवसभर लावायची, असं आम्ही घसा कोरडा करून सांगतो. एका हौशी बापाने त्याच दुपारी लेकाला थेट हळद पॉलिश चालू होतं तिथं नेलं. मशीन काय, सगळंच मोठं करते, ड्रमचा खडखडाटही. पोराने ती उपटून भिरकावली. ढिगातून निघाली ती पिवळीधम्मक. बाप ती रुमालात बांधून घेऊन आला. आम्ही तोंड उघडायच्या आत म्हणाला, "पण ऐकू तर आलं ना त्याला?"

मशीनच्या ६७५ नंबरच्या सेलवरचं निळं स्टिकर काढलं की हवा आत जाऊन सेल सुरू होतो. मग वापरा न वापरा, उतरणारच. सुनेचे कष्ट वाचावेत म्हणून एका आजोबांनी अख्ख्या पाकिटाची स्टिकरं एका बैठकीत सोलून ठेवली. वर त्यातला एक सेल गायब. बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतो, म्हणून नातवाला घेऊन सगळं घर नांदेडला पळालं. एक्स-रे साफ. सेल निघाला आजोबांच्या चंचीत.

डॅनियल लिंग यांची सहा आवाजांची चाचणी मात्र आया मनावर घेतात: आ, ऊ, ई, म, श, स. आईने म्हणायचं, लेकराने प्रत्येक आवाजाला डब्यात ठोकळा टाकायचा. सेनगावकडची एक पोरगी रोज सहाही ठोकळे बिनचूक टाकायची. तपासणीला आली तेव्हा सेल मेलेला, कधीचा कोण जाणे. पोरगी आईचे ओठ वाचत होती. आता आई क्रम बदलते, मध्येच थांबते, तोंडासमोर पदरही धरते. मागच्या खेपेला कळलं, 'श' आणि 'स' म्हणताना पदर हलतो, हे पोरीने हेरलंय.